टाक्यावरचे सात दगड

एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध वाटाड्या राहत असे. डोंगरमाथ्याच्या कडेकडेने उत्तरेकडून दक्षिणेकडे एक जुनी पायवाट जाते. ती पुरती चालायला अठरा दिवस लागतात. या गावातून वर चढणारा टप्पा हा तिचा नववा दिवस. दूरदूरची माणसे ती वाट चालायला येत आणि या टप्प्यापुरते वृद्धाला सोबत घेत. चाळीस वर्षे त्यांनी हेच काम केले. गाव त्यांना नाना म्हणत असे. नाना दुसरीपर्यंत शिकले होते, पण डोंगराबाबत त्यांचा शब्द कोणी खोडत नसे.

त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्याला ते तीन वर्षे आपल्या मागून चालवत. मग परीक्षा घेत. परीक्षा साधी होती. आयुष्यात कधी डोंगर न चढलेले एक माणूस शिष्याने वरच्या खिंडीपर्यंत न्यायचे आणि दिवे लागायच्या आत परत आणायचे. नाना सर्वांत मागून चालणार. ते बोलणार नाहीत. त्यांना तोंड उघडावे लागले, तर शिष्य त्या वर्षी नापास. पास झाला, तर नाना त्याला एक कोयता देत. तो कोयता कमरेला असल्याशिवाय त्या गावातून कोणी एकट्याने माणसे वर नेत नसे. आजवर तिघांना तो मिळाला होता. पाच जण रिकाम्या हाताने गेले होते.

लहू हा नववा शिष्य. वय अठ्ठावीस. शहरातल्या कारखान्यातली नोकरी सोडून तो नानांकडे आला होता. तीन वर्षे बायकोने कुरकुर न करता काढली. आता मात्र लहूने घरी शब्द दिला होता, की यंदा कोयता मिळाला नाही तर परत कारखान्यात जाईन. मेहुण्याने तिथे जागा बोलूनही ठेवली होती. लहूला ती जागा नको होती. त्याला ही वाट हवी होती. पायाने तो हलका होता. एकटा असला की खिंड दीड तासात गाठत असे.

परीक्षेचे माणूस नाना स्वतः निवडत. या खेपेला त्यांनी तालुक्याच्या बाजारातून शेवंताबाईंना बोलावले. बाई बावन्न वर्षांच्या. बाजारात त्यांचे छत्र्या, पिशव्या आणि सॅक दुरुस्त करण्याचे दुकान होते. तीस वर्षे त्या शिलाई मशीनवर बसून होत्या.

मार्गशीर्षातली पहाट होती. लहूने विचारले, "मावशी, आजवर किती चढलात?"

"दुकानाचा जिना. बारा पायऱ्या."

"मग झालं की. तशाच पायऱ्या, जरा जास्त."

बाई त्याच्या पाठीवरच्या सॅककडे पाहत होत्या. "ही माझ्या हातची. उजवा पट्टा बघा, दुहेरी शिवण आहे. आणि चेन जपून ओढत जा, दोनदा बदललीय."

"तुम्ही कशाला निघालात वर?" लहूने हसून विचारले.

"तीस वर्षं लोकांच्या सॅकची लाल माती झटकतेय. कुठली माती आहे ती, एकदा बघावं म्हटलं."

नानांनी काठी उचलली आणि ते मागे जाऊन उभे राहिले. "इथून पुढं मी मुका," ते म्हणाले.

चढ सुरू झाला. दोन्ही बाजूंना कारवीचे रान होते. लहूने काम चोख चालवले होते. कुठे पाय ठेवायचा ते तो दाखवी. काटेरी फांदी हाताने वर धरी. गुरांची वाट जिथे फुटते तिथे आडवी टाकलेली वाळकी फांदी दाखवून तो म्हणाला, "अशी फांदी दिसली, की तिकडं जायचं नाही." जे नानांनी शिकवले ते सगळे त्याला येत होते.

पण त्याच्या पायांना बाईंची चाल जमत नव्हती. दहा पावले त्यांच्याबरोबर टाकली, की अकराव्याला तो पुढे निघून जाई. पुढच्या वळणावर एखाद्या दगडावर बसे. घोटभर पाणी पिई, टोपीने वारा घेई. बाई धापा टाकत तिथवर पोहोचल्या, की तो उठे.

"आल्या मावशी? चला. आलंच आता."

आणि तो चालू लागे. बाईही लगेच त्याच्यामागे निघत. नवखे माणूस, आपल्यामुळे कोणाचा खोळंबा नको, असे त्यांच्या मनात. लहूला वाटे, आपण किती थांबतोय. दर वळणाला थांबतोय. तो मनात मोजतही होता.

"पाणी पिता का?" त्याने दोनदा विचारले. बाईंनी दोन्ही वेळा मान हलवून नको म्हटले. त्याने तिसऱ्यांदा विचारले नाही.

चौथ्यांदा त्याने "आलंच" म्हटले, तेव्हा बाई हातातल्या काठीवर वाकून उभ्या होत्या. "तुमच्या गावात आलंच म्हणजे किती हो? आमच्याकडं आलंच म्हटलं, की चहा उकळेपर्यंत माणूस येतं."

लहू हसला. नाना हसले नाहीत. ते बाईंच्या टाचांकडे पाहत होते. टाचा आता उचलल्या जात नव्हत्या, घासत होत्या.

उन्हे बरीच वर आली, तेव्हा तिघे पाण्याच्या टाक्यापाशी पोहोचले. खडकात खोदलेले जुने टाके. शेजारी उंबराची सावली. वर शंभर-सव्वाशे पावलांचा उघडा कातळ आणि त्याच्याही वर खिंडीची खाच. लहू आधीच पोहोचून पाय सोडून बसला होता. बाई आल्या तसा तो उठला.

"चला मावशी. हे काय, दिसतेच आहे खिंड."

बाई चालल्या नाहीत. त्या खाली बसल्या. पदराने तोंड पुसले. चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. "तुम्ही दोघं जाऊन या. मी इथंच बसते. माती बघायची होती, ती दिसली मला."

लहूने खिंडीकडे पाहिले. "मावशी, असं नका करू. एवढं आलो."

"नाही हो व्हायचं माझ्यानं. तुमची चूक नाही. वयच झालं."

"अहो, पण मी तुमच्यासाठी थांबतोय की! अकरा वेळा थांबलो मी. अकरा वेळा!"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो मनापासून सांगत होता. तीन वर्षे त्याच्या डोळ्यांसमोरून सरकत होती आणि कारखान्याचे दार उघडताना दिसत होते.

तेव्हा नानांनी काठी जमिनीवर ठेवली.

"लहू," ते म्हणाले, "सॅक उतरव."

लहू जागच्या जागी उभा राहिला. नाना बोलले होते. म्हणजे संपले होते. त्याने सॅक उतरवली.

नानांनी सॅकमधले जेवणाचे डबे काढून बाईंच्या शेजारी ठेवले. मग टाक्याच्या काठचे दगड उचलून ते एकेक सॅकमध्ये भरू लागले. एक, दोन, तीन. दगड नारळाहून मोठे होते. सात दगड झाले.

"अहो, काय करताय हे!" बाई तिथूनच ओरडल्या. "पट्टा सुटेल तो! माणसाचं तरी बघा, नाहीतर माझ्या शिवणीचं बघा!"

नानांनी लक्ष दिले नाही. त्यांनी सॅक लहूच्या पाठीला लावली आणि रिकाम्या हातांनी ते समोरचा कातळ चढू लागले. "माझ्यामागं ये," एवढेच म्हणाले.

लहू निघाला. पाठीवरच्या ओझ्याने त्याचे गुडघे दुमडत होते. सत्तरीचा म्हातारा तीस-चाळीस पावले पुढे जाऊन एका उंचवट्यावर बसला. लहू तिथे पोहोचला. खांद्याचा पट्टा सैल करायला त्याने हात वर नेला, तोच नाना उठले.

"आलास? चल."

पुढच्या उंचवट्यावर तेच. नाना आरामात बसले. लहू पोहोचताच उठले. तिसऱ्यांदा तेच. कातळाच्या माथ्याला हात लावून दोघे उतरू लागले. उतरतानाही तेच. लहूच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्याला काही कळत नव्हते. नाना शिक्षा देत असतील, तर ही कसली शिक्षा? उंबराखालून बाई हे सगळे पाहत होत्या. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असेच त्यांना वाटले असावे.

पाचव्या वेळी नाना उठले, तेव्हा लहूने दात आवळले. "नाना, जरा टेकू तरी द्या!"

"कशाला? पाच वेळा थांबलो की तुझ्यासाठी."

"तुम्ही थांबलात. मी कुठं थांबलो?"

लहूच्या तोंडातून हे शब्द बाहेर पडले. त्याने खाली पाहिले. उंबराखाली शेवंताबाई बूट काढून तळपाय चोळत होत्या. सकाळपासून त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या.

नानांनी त्याच्या पाठीवरची सॅक उतरवून घेतली. मग ते बोलले. त्यांचे बोलणे नेहमी थोडे असे. त्या दिवशीही थोडेच होते.

"पुढं जाऊन बसलास, ती तुझी विश्रांती. बाई आल्या की उठलास, म्हणजे त्यांची बुडाली. अकरा वेळा तू बसलास, बाई एकदाही नाही. तू दगडावर बसून उपकार मोजत होतास. वर चार वेळा आलंच म्हणालास. खोटं सांगून माणसाचे पाय उचलत नाहीत. आता खरंच आलं, तरी त्यांना ते खरं वाटत नाही. दुबळ्याबरोबर चालायचं, तर त्याच्या पायानं चालावं लागतं. तुझे पाय मला माहीत आहेत. ते बघायला मी आलो नव्हतो."

थोडे थांबून ते म्हणाले, "मी बोललो. यंदा कोयता नाही. आता बाईंना खाली ने, नाहीतर वर ने. तू ठरव. मी परत मुका."

लहूने वाद घातला नाही. त्याने सॅक उचलून खाली टाक्यापाशी आणली आणि दगड एकेक करून काठावर होते तसे मांडून ठेवले. सातवा दगड ठेवताना त्याचे मन शांत झाले होते. मिळायचे काही उरले नव्हते. पण बाई अजून उंबराखालीच होत्या आणि खिंड अजून वरच होती.

तो बाईंजवळ जाऊन बसला. "मावशी, चुकलं माझं."

बाईंनी आता सगळे ओळखले होते. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं मुली मशीन शिकायला येतात. पहिल्या दिवशी सगळ्या एकच करतात. कापड पुढून ओढतात. मशीन आपल्या चालीनं कापड सरकवतं, पण यांना घाई. मग सुई मोडते."

"मग तुम्ही काय सांगता त्यांना?"

"काही नाही सांगत. मोडू देते. चार सुया मोडल्या, की हात आपोआप सैल पडतो."

लहू हसला. तेवढ्यात त्याची नजर बाईंच्या पाण्याच्या बाटलीवर गेली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती. झाकणाचे सीलही तुटले नव्हते. चार तासांच्या चढाला माणूस पाण्याचा थेंब घेत नाही, याचा तो विचार करत राहिला. बरोबर दोन पुरुष. उघडा डोंगर. आडोसा मागायचा कसा? तो एकदम उठला.

"नाना, आपण जरा त्या कातळापलीकडं जाऊ. मावशी, आम्ही तिकडं पाठ करून बसतो. तुम्ही सावकाश आवरा. हाक मारल्याशिवाय आम्ही येत नाही."

बाईंनी मान खाली घातली. पण चेहऱ्यावरचा ताण उतरला. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली, तेव्हा बाटली अर्धी झाली होती.

नानांना चाळीस वर्षांत कधी हे सुचले नव्हते. त्यांनी लहूकडे एकदा पाहिले. काही बोलले नाहीत. मुके होते.

तिघांनी भाकरी खाल्ली. मग लहूने खरे काय ते सांगितले. "मावशी, अजून तासभर आहे. हा कातळ, मग गवताचा चढ, शेवटी थोडी मुरमाड घसरण. सोपं नाही. तो समोरचा सुळका बघा. त्याची सावली त्या पिवळ्या दरडीला लागली, की जिथं असू तिथून मागं फिरायचं. इथूनच परत फिरलात, तरी कोणी नावं ठेवणार नाही."

बाईंनी सुळक्याकडे पाहिले, दरडीकडे पाहिले. बाजारात कापड मापावे तसे अंतर डोळ्यांनी मापले. बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या.

"तासभर ना? आलंच नाही ना?"

"आलंच नाही. तासभर."

"मग चला. खरा तास असेल तर चालता येतं."

"तुम्ही पुढं व्हा मावशी. मी मागं आहे."

बाई पुढे निघाल्या. त्यांच्यामागे लहू आणि त्याच्यामागे नाना. बाई वीस पावले चालत आणि उभ्या राहत. लहूही उभा राही. त्या बसल्या की तो बसे. त्या उठल्यावरच तो उठे. सुरुवातीला त्याच्या पोटऱ्या शिवशिवत होत्या. मग त्याच्या ध्यानात आले, की बाईंची वीस पावले आता तीस झाली आहेत. पुढे चाळीस झाली. कोणी पुढून ओढत नव्हते, म्हणून श्वास पुरत होता. गवताच्या चढावर त्या एकदाही बसल्या नाहीत. मुरमाच्या घसरणीवर लहूने त्यांना फक्त पाऊल आडवे टाकायला सांगितले.

सावली दरडीपासून हातभर लांब असताना शेवंताबाई खिंडीत उभ्या राहिल्या.

खिंडीत शेंदूर लावलेला एक दगड आहे. पहिल्यांदा चढून आलेल्या माणसाने त्याला हिरवी डहाळी वाहायची, अशी तिथली रीत. लहू डहाळी तोडायला वाकला, पण थांबला. बाईंनी स्वतः शोधून एक तोडली आणि वाहिली. पलीकडे कोकण धुरकट दिसत होते. वाऱ्याने पदर उडत होता. दक्षिणेला डोंगराची धार एकामागून एक दूर गेली होती.

"ती वाट तिकडंच जाते?" बाईंनी विचारले.

"हो. दहावा दिवस त्या दोन शिंगांच्या डोंगरापाशी संपतो. अठरावा इथून दिसत नाही."

बाईंच्या बुटांवर लाल माती बसली होती. ती त्यांनी झटकली नाही.

उतरताना लहू पुढे झाला. मुरमावर माणूस घसरले, तर त्याच्या खाली कोणीतरी असावे लागते. पण या वेळी तो हातभर अंतरावरच राहिला. दोनदा बाईंचा हात त्याच्या खांद्यावर आला. तिघे गावात पोहोचले, तेव्हा चुली पेटल्या होत्या, पण दिवे लागले नव्हते.

नानांच्या अंगणात चहा झाला. परीक्षेच्या शेवटी नाना आलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारत. शिष्यांना तो आधी ठाऊक नसे.

"बाई, परत याल?"

शेवंताबाईंनी बशी खाली ठेवली. "सकाळच्या लहूबरोबर? अजिबात नाही." मग त्या लहूकडे पाहून म्हणाल्या, "दुपारचा असेल तर येईन. सोमवारी बाजार बंद असतो. दहाव्या दिवसाची वाट थोडी चालून परत येता येतं का एका दिवसात?"

"पहाटे लवकर निघालं तर येतं," लहू म्हणाला.

नानांनी उरलेला चहा संपवला. लहू काही मागत नव्हता. मग नाना उठून आत गेले. बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हातात कोयता होता. शिष्यांसाठी घडवलेला नवा कोयता नव्हता. मूठ घासून काळी पडलेला, त्यांचा स्वतःचा होता.

"यंदा कोयता नाही," ते म्हणाले. "बोललो म्हणजे बोललो. नियम माझाच आहे, तो मी मोडणार नाही."

"हो, नाना."

"पण सोमवारी माझा गुडघा दुखणार आहे. दहाव्या दिवसाच्या वाटेवर काटे माजलेत. हा घेऊन जा. संध्याकाळी परत आणून दे."

लहूने दोन्ही हातांनी कोयता घेतला. तो जड होता. "आणि घरी काय सांगू?" त्याने हळूच विचारले.

"घरी सांग, सोमवारी काम आहे."

शेवंताबाईंना शेवटच्या एसटीला सोडायला लहू निघाला. गाडीला वेळ थोडा होता आणि रस्ता सपाट होता. बाई दमल्या होत्या, सावकाश चालत होत्या. नाना ओट्यावरून पाहत राहिले. लहू बाईंच्या एक पाऊल मागे चालत होता. वळणावर बाई थांबल्या, तसा तोही थांबला. त्या निघाल्यावर निघाला.

कोणाला बरोबर घेऊन निघालेल्याने एवढे एकदा तपासावे, की आपण थांबतो तेव्हा त्यालाही बसायला मिळते का.